खाचेचा वाडगा

"दोन वर्षं?" आजीने वाटाण्याची शेंग अंगठ्याने उघडली. "दोन वर्षं काय शिकवणार आहेत गं? धूळ कशी पुसायची ते मी तुला जेवणाआधी शिकवून मोकळी होते."

"धूळ नाही आजी. व्यवस्थापन. कला व्यवस्थापन आणि सांस्कृतिक वारसा. पदव्युत्तर."

"नाव लांबलचक आहे. पाटीवर मावेल का?"

खारू एरवी हसली असती. आज हसली नाही. दुपारी तीनला तिची मुलाखत होती, तीही संग्रहालयातच, पहिल्या मजल्यावरच्या गोल टेबलाच्या खोलीत. जागा बारा, अर्ज एकशे चाळीस, आणि शेवटच्या चोवीस जणांत तिचं नाव लागलं होतं. सकाळपासून तिच्या हातून दोन कप फुटले होते. लहानपणी ही पोर तिकिटांची अर्धुकं, जुनी पत्रं, तुटक्या चौकटींचे तुकडे गोळा करून गादीखाली साठवायची, म्हणून आजोबांनी तिला खारू म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ज्यांनी नाव ठेवलं ते जाऊन सहा वर्षं झाली होती.

संग्रहालय या घराला नवं नव्हतं. आजोबांनी तिथे एकतीस वर्षं पहारा केला. आजीने चौतीस वर्षं काचा पुसल्या. आता मुलगा तिथे मुख्य रखवालदार होता आणि सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. पाच वर्षांचा असल्यापासून तो पाठ ताठ ठेवून जेवायला बसायचा, म्हणून घरात त्याला हवालदार म्हणत. आता त्याचं पोट सुटलं होतं, पाठ तेवढी ताठच होती.

काचा पुसता पुसता आजीने सात संचालक पाहिले होते, आणि सातही जणांना ती मनातल्या मनात हसत असे. पहिला हातमोजे घालून वावरायचा, चहाचा कपसुद्धा मोजे घालूनच उचलायचा. दुसऱ्याने दालनांची नावं बदलली, तिसऱ्याने ती पुन्हा होती तशी केली आणि दोघांचेही सत्कार झाले. चौथ्याला पुतळ्यांशी एकटं बोलायची खोड होती. पुढचे तर तिला वेगवेगळे आठवतही नसत; एकच भाषण तिघांनी केलेलं. प्रत्येकाची पदवी आधीच्यापेक्षा लांब. बुरशी कुठल्या कोपऱ्यात धरते हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. ते तिला येऊन विचारत आणि मग सभेत स्वतःचं म्हणून सांगत.

आणि आता तिची नात त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहणार होती.

"मला एवढंच कळत नाही," हवालदार खुर्चीतून म्हणाला. आज संग्रहालयाची सुट्टी होती, तरी मुलाखतींसाठी त्याला दोन वाजता हजर व्हायचं होतं, म्हणून तो सकाळपासून गणवेशात बसला होता. "शिकून ही करणार काय? साहेब होणार. मग ही दारातून आत आली की मी उठून उभा राहू? पोटच्या पोरीला सलाम ठोकू?"

"आत्ता कुणाला ठोकतोस?" दारातून आत्याचा आवाज आला. चपला काढायच्या आधीच ती भांडणात उतरली होती. आत्या शाळेची मुख्याध्यापिका. घरातही सगळ्यांना इयत्ता चौथी समजून बोलायची. "परवा त्या संचालकाची छत्री धरून उभा होतास. मी बसमधून पाहिलं. त्यापेक्षा आपली पोर काय वाईट?"

"तो साहेब आहे."

"ही होईल. दादा, तुला पोटात दुखतंय ते सलामाचं नाही. आपल्या घरात कुणीतरी वरच्या मजल्यावर बसेल, ते तुला पेलत नाहीये."

"आणि तुला काय पेलायचंय? शिक्षकांच्या खोलीत सांगायला एक भाची हवी!"

सूनबाई, म्हणजे खारूची आई, लेकीचा निळा सदरा इस्त्री करत होती. शिवणकामाच्या बाया असतात तशी ती, तोंडात टाचण्या धरायची सवय, म्हणून बोलणं कमी. तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "दोघांनी भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा. कापडाला वाफ लागते, तुमची नको."

आजीला सुनेचं हे आवडायचं. तिने कधी तसं म्हटलं नव्हतं ते सोडा.

"चल, उभी राहा," आत्या खारूला म्हणाली. "निबंध वाच. मोठ्याने. समितीसमोर वाचणार तसा. मान वर."

अर्जासोबत प्रत्येकाने संग्रहालयातल्या एका वस्तूवर बारा पानं लिहायची होती, आणि मुलाखतीची सुरुवात त्यातलं एक पान वाचूनच होणार होती. खारूने कुठली वस्तू घेतली ते तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आजीला अचानक ऐकवून खूश करायचं होतं म्हणे. तिने कागद सरळ केले.

"दालन क्रमांक चारमधील नवजात बाळाच्या पहिल्या स्नानाचं पात्र," तिने वाचायला सुरुवात केली, "हा माणसाच्या जगण्याचा पहिला स्पर्श आहे. त्याच्या काठावरची अर्धवर्तुळाकार खाच ही सजावट नव्हे. बाळाची मान तिथे अलगद विसावावी म्हणून कारागिराने ती योजली आहे. त्या खाचेत एका अनाम आईच्या तळहाताची जागा आपल्याला आजही रिकामी दिसते..."

आजीच्या बोटांतली शेंग उघडायची राहिली.

"वा!" आत्या म्हणाली. "पुढे."

"याउलट शेजारचं हजामतीचं भांडं पाहावं. त्याच्या आतल्या बाजूला कोरलेले मासे हे पुरुषी आत्मप्रौढीचं लक्षण असल्याचं संचालकांनी आपल्या ग्रंथात सप्रमाण दाखवलं आहे..."

आजीला हसू यायला हवं होतं. तो ग्रंथ तिच्याकडे होता. निवृत्तीच्या समारंभात शालीऐवजी तोच हातात ठेवला होता त्या माणसाने, स्वतःच सही करून. एकेक अक्षर लावत तिने तो वाचला होता आणि स्वयंपाकघरात एकटीच पोट धरून हसली होती. मुखपृष्ठावर खाचेचा वाडगा, तिकिटावर खाचेचा वाडगा, संग्रहालयाच्या पाकिटांवर खाचेचा वाडगा. गेली कित्येक वर्षं तिची हीच एक चैन होती. कुणी नवा साहेब आला, भाषण करायला लागला, की ती काच पुसता पुसता त्या वाडग्याकडे पाहायची आणि आतून गार व्हायची.

पण आज वाचत होती ती खारू. मान वर करून, कान लाल करून, आजीसाठी.

"बाळा, थांब," आजी म्हणाली. "ते दाढीचं भांडं आहे."

"हो ना, पुढे तेच येतंय, शेजारचं जे..."

"शेजारचं नाही. खाचेचं. खाच बाळाच्या मानेला नाही, बाप्याच्या गळ्याला. असं हनुवटीखाली धरतात, म्हणजे साबणाचं पाणी कपड्यांवर गळत नाही." तिने वाटाण्यांचं भांडं उचलून स्वतःच्या गळ्याशी धरून दाखवलं. "मासे आहेत ते बाळाचं. पाणी ओतलं की मासे पोहताना दिसतात. बाळ बघत राहतं, रडत नाही. पाट्यांची अदलाबदल झालीय. त्रेचाळीस वर्षं झाली."

सूनबाईने इस्त्रीचं बटण बंद केलं.

मग आजीने सांगितलं. त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि चार नंबरच्या दालनात पाणी गळायला लागलं. साहेब परगावी. कपाट उघडायला साहेबांची चिठ्ठी लागते, बिनचिठ्ठीचं उघडलं तर नोकरी गेली, असा नियम. आजोबांनी चिठ्ठीशिवाय उघडलं. वस्तू बाहेर काढल्या, भिजलेल्या पाट्या खिडकीत वाळत घातल्या, संध्याकाळपर्यंत सगळं होतं तिथे ठेवून कुलूप लावलं. दोन पाट्या चुकल्या. प्रत्येक वस्तूच्या बुडाला लाल रंगात क्रमांक असतो, तोच पाटीवर असतो. खाचेच्या वाडग्याखाली चारशे सतरा आहे, पाटी चारशे अठराची. पुढे कितीतरी वर्षांनी आजीच्या ते लक्षात आलं. सांगितलं असतं तर कपाट उघडल्याचंही सांगावं लागलं असतं.

"आणि कुणी उलटं करून पाहिलंच नाही?" आत्याने विचारलं. "सात संचालकांनी?"

"उलटं करून बघणं हे पुसणाऱ्याचं काम. ते समोरून बघतात."

"बाबांनी चूक केली नाही," हवालदार म्हणाला. त्याचा आवाज एकदम पाच वर्षांच्या पोराचा झाला होता. भिंतीवर आजोबांना निरोपाच्या वेळी मिळालेलं मानपत्र होतं: एकतीस वर्षांच्या निर्दोष सेवेबद्दल. रोज निघताना तो त्याच्यासमोर टोपी नीट करत असे. "बाबांच्या हातून असलं होणार नाही. तुझी काहीतरी गफलत होतेय आई."

पाट्या लावणारा हात आजोबांचा नव्हताच. हे एक वाक्य आजीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं तिने स्वतःला सांगितलं. चौतीस वर्षं साहेबलोकांना हसणारी बाई, पण स्वतःच्या पोरासमोर तिचं धाडस तेवढ्यावरच संपलं.

"काहीही असो," आत्याने टेबलावर हात आपटला, "आज याचा उच्चारही करायचा नाही. समितीत तोच संचालक आहे. त्याचं पुस्तक खोटं म्हणायचं आणि त्याच्याकडेच जागा मागायची? आधी प्रवेश. सत्य दोन वर्षांनी."

"मला पटतं," हवालदार म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा भाऊबहिणीचं एकमत झालं होतं, तेही असं.

"काय पटतं?" सूनबाईने सदरा हँगरला लावला. "पोरगी तिथे जाऊन उभी राहून खोटं वाचणार, आणि तुम्ही दाराशी उभं राहून ऐकणार? मी शिवलेल्या सदऱ्यात?"

"तू यात पडू नकोस."

"पडलेयच. पोरगी माझी आहे. तुमच्या मानपत्राची नाही."

बारा पानं खारूने दोन्ही हातांनी धरली होती, ताट धरावं तशी. "आजी," ती म्हणाली, "मी तीन महिने त्या काचेसमोर बसत होते. तू मला डबा द्यायला यायचीस. तू बघायचीस मी काय लिहितेय. मला वाटायचं तू कौतुकाने बघतेस."

"मला वाटलं तू त्या कोपऱ्यातल्या घंटेवर लिहितेयस," आजी म्हणाली. ते खरंच होतं. पण पुरेसं नव्हतं.

"मला वाचता येणार नाही हे. आता नाही. आणि वाचलं नाही तर माझ्याकडे वाचायला दुसरं काही नाही." तिने कागद टेबलावर ठेवले. "तू चल माझ्याबरोबर. क्रमांक कुठे असतो ते दाखवायला."

"खारू!" आत्या ओरडली.

"तू म्हणालीस ना आत्या, मान वर."

*

गोल टेबलाच्या खोलीबाहेर बाकावर आजी बसली होती, पाय जमिनीला जेमतेम टेकवून. दार अर्धं उघडं होतं. आत संचालक, एक मान हलवणारे गृहस्थ, आणि चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाहेरच्या प्राध्यापिका. दाराशी हवालदार, पुतळ्यासारखा. आईकडे तो बघत नव्हता.

"मी निबंध वाचणार नाही," आतून खारूचा आवाज आला. "तो चुकीचा आहे. पुस्तकही चुकीचं आहे, सर. माफ करा. म्हणजे, वाडगाच चुकीचा आहे."

आजीने डोळे मिटले. अशी सुरुवात तर चौथीतल्या पोरानेही केली नसती.

संचालक हसले. त्यांचं हसणं आजीला पाठ होतं. देणगीदारांसाठी वेगळं, शिपायांसाठी वेगळं. हे तिसरंच होतं. "तरुणाईचा आत्मविश्वास," ते म्हणाले. "बाळ, या विषयाला मी अकरा वर्षं दिली आहेत."

"हो सर. पण कपाट उघडलंत का?"

मग खुर्च्या सरकल्या. चष्म्याच्या दोरीवाल्या बाई सगळ्यात आधी उठल्या होत्या. "चला तर," त्या म्हणाल्या, "बसून बसून पाय आखडलेत."

चार नंबरच्या दालनात संचालकांनी हात पुढे केला. "किल्ली."

"चिठ्ठी, सर," हवालदार म्हणाला.

"काय?"

"कपाट उघडायला संचालकांची लेखी चिठ्ठी लागते, सर."

"अहो, संचालक मीच आहे!"

"म्हणूनच सर. तुम्हीच लिहायची."

संचालकांनी खिशातून कागद काढून काचेवरच लिहिलं, पेनाचं टोक रुतवून. हवालदाराने ते वाचलं, घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि कुलूप उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पण आजी त्याची आई होती, आणि बापाच्या वेळची ती एक चिठ्ठी तो आज कुणाकडून वसूल करत होता ते तिला दिसलं.

ती पुढे झाली. पदर हाताला गुंडाळून तिने खाचेचा वाडगा उचलला आणि उलटा केला. लाल आकडे थोडे फिकटले होते. चारशे सतरा. मग माशांचा. चारशे अठरा. मान हलवणाऱ्या गृहस्थांना वरून नोंदवही आणायला पाठवलं. ते आले, पान उघडलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांची मान हलायची थांबली.

"हं," संचालक म्हणाले. मग घसा साफ करून, "हा घोळ केला कुणी? पाट्या कुणी बदलल्या?"

खारूने आजीने सांगितलं होतं तेवढं सांगितलं. नळ, पाणी, सुट्टी. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती थांबली.

"तेव्हा पहाऱ्यावर कोण होतं?" संचालकांनी नोंदवहीवर बोट आपटलं. त्यांना आता एक माणूस हवा होता, आणि मेलेला असला तर अधिकच बरं. "तुमचेच आजोबा ना? निर्दोष सेवा!"

हवालदार समोरच्या भिंतीकडे पाहत होता. त्याचे कान पेटल्यासारखे लाल झाले होते.

"मी लावल्या," आजी म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही तर काचा..."

"काचाच पुसायची. ह्यांनी दोन्ही पाट्या मला वाचून दाखवल्या आणि ते बादल्यांनी पाणी उपसायला गेले. एक बाळाच्या आंघोळीचं, एक दाढीचं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कुठली पाटी कुठली ते लक्षात ठेवलं, पण भांडं कुठलं ते कुणाला ठाऊक? माझी धाकटी दीड महिन्याची होती, पाठीला बांधलेली. मी तिला सोडलं आणि त्या खाचेत तिची मान ठेवून पाहिली. बरोबर बसली. झोपली सुद्धा. मग मी बाळाची पाटी तिथे लावली." तिने वाडगा खाली ठेवला. "मुलीला शाळेत घातलं तेव्हा तिच्याबरोबर मी अक्षरं शिकले. मग पुसताना आकडे दिसले."

प्राध्यापिका बाईंनी चष्मा काढला होता. तो दोरीवर लोंबत होता. "म्हणजे मानेला आधार देण्याचा हा जो सिद्धांत आहे," त्या सावकाश म्हणाल्या, "तो मूळ यांचा."

"तळटिपा तेवढ्या साहेबांच्या," आजी म्हणाली.

संचालकांचा चेहरा तांबूस झाला. "इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

"आधी नोकरी जाईल म्हणून. मग मजा वाटायला लागली म्हणून. तुमचं पुस्तक वाचून मी पोट धरून हसले साहेब, खोटं कशाला बोलू? आज सकाळी नातीने तेच वाचून दाखवलं, तेव्हा नाही आलं हसू."

हवालदार कपाटाला कुलूप लावायला पुढे झाला. आईजवळून जाताना तो थबकला आणि अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"मी सांगितलं तेव्हा म्हणाले, कुणी विचारलंच तर मीच लावल्या म्हणून सांगेन."

त्याने कुलूप दोनदा ओढून पाहिलं. ते पहिल्याच वेळी नीट लागलं होतं.

*

पत्र दहा दिवसांनी आलं. बारा जणांच्या यादीत खारू बारावी होती. खाली संचालकांची सही होती, घाईत केलेली, ओळखू न येणारी. तिच्याखाली प्राध्यापिका बाईंची, ठसठशीत. पाट्यांचा विषय 'विचाराधीन' होता. तिकिटांवर वाडगा तोच होता.

"शेवटची," हवालदार पत्र वाचून म्हणाला. पण ते त्याने उभं राहून वाचलं.

आत्या त्या रविवारी शाळेतल्या तीन बाईंना घेऊन संग्रहालयात गेली होती, असं नंतर कळलं. खाचेच्या वाडग्यासमोर उभी राहून, मान किंचित मागे टाकून, तिने त्यांना बराच वेळ काहीतरी समजावलं म्हणे.

खारू कोरी वही घेऊन आजीच्या पलंगाशी जमिनीवर बसली. "पहिल्या सत्रात एका दालनाची तपासणी करायचीय," ती म्हणाली. "खरं सांग आजी. असं अजून कुठे काही आहे का?"

आजीने छताकडे पाहिलं.

"तो दुसऱ्या दालनातला सोन्याचा मुखवटा," तिने विचारलं. "तो बघायला लोक येतात का गं अजून?"

"येतात म्हणजे? रांग लागते."

"हं," आजी म्हणाली आणि उशी सरकवून तिच्यासाठी पलंगावर जागा केली. "मग वर ये. खाली बसून तुझी पाठ दुखेल."